लागलं का?

आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की एक दुसऱ्याला विचारतो, "लागलं का?" काय लागलं, हे तो सांगत नाही आणि दुसराही विचारत नाही. ज्याच्या रानात विहिरीचं खोदकाम चाललंय किंवा बोअरची गाडी उभी आहे, त्याला विचारायचा हा प्रश्न आहे. उत्तरही तेवढंच. "लागलं" किंवा "न्हाई". पुढे चहा घ्यायचा की नुसतंच उभं राहायचं, हे उत्तरावरून ठरतं.

आमच्या कॉलेजातले संगीताचे सर हा प्रश्न बारा महिने विचारायचे आणि त्यांच्या प्रश्नाचा पाण्याशी काही संबंध नसायचा. मुलगा गाऊन थांबला की ते पेटीवरचा हात उचलायचे, त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "लागलं का?" नवीन मुलं सुराबद्दल विचारतायत असं समजून उत्साहानं "हो सर" म्हणायची.

"मंग न्हाई लागलं," सर म्हणायचे.

"पण सर, मला छान वाटलं गाताना."

"छान वाटायलंय हे बघायला तू बाजूला जाऊन उभा राहिलतास. मंग गायलं कोण?"

मुलगा वही उचलून जागेवर जायचा. त्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलं नसतं आणि मी तर त्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो. सर खूश व्हायचे ते एकाच उत्तरावर. गाणं संपल्यावर एखादी मुलगी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघायची, "अं? काय म्हणालात सर?" असं विचारायची. तेव्हा सर खिशातली सुपारी काढून कातरायला लागायचे. हे त्यांचं प्रशस्तिपत्रक. कॉलेजच्या कागदोपत्री त्याची नोंद नसे, त्यामुळे विद्यापीठाला ते कधी कळलं नाही.

कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं होतं. शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यानं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं तेव्हा आमच्या चेअरमनसाहेबांनाही काहीतरी काढणं भाग पडलं. यंत्रसामग्रीचा खर्च ऐकल्यावर त्यांनी कलेला प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. पेटी, तबला, तंबोरा आणि एक सतरंजी एवढ्यावर संगीत विभाग उभा राहिला. उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले की ऊस आणि सूर या दोन्हींत गोडवा असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर स्टेजवर मागं बसले होते. ते मला नंतर म्हणाले, "बरं झालं, मिरचीचा कारखाना न्हाई काढला."

सर मूळचे धर्मापुरीचे. उंच, हडकुळे, चालताना एक खांदा पुढे. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळावर ते पंचा टाकून ठेवायचे. मुलांनी आत येताना मनगटावरची घड्याळं काढून दारातल्या पितळी डब्यात टाकायची, असा नियम. मुलगा मधेच डब्याकडे बघायला लागला की त्याला बाहेर पाठवायचे, रागानं नव्हे. "जा, तुझी बस हाय. बसला जाणाऱ्या माणसाला गाता येत न्हाई." कुणी "वा" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. टाळी तर नाहीच. डोळे मिटून गाणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. "डोळे मिटल्यानं तंद्री लागत न्हाई, बाबा, झोप लागती. आन् तू तर फोटोसाठी मिटायलास."

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो व्याकरणाचा होता. माणूस पुष्कळ गोष्टी करतो, असं ते म्हणायचे. जेवण करतो, लग्न करतो, राजकारण करतो. पण भूक लागते, झोप लागते, उचकी लागते, ठेच लागते, तंद्री लागते. "'मी तंद्री केली' असं म्हणून बघा बरं, प्रोफेसर. जीभच वळत न्हाई. भाषेला ठाऊक हाय, हे आपल्या हातातलं काम न्हाई. आपण नुसतं जागेवर राहायचं."

मला ते प्रोफेसर म्हणायचे. मी तेव्हा साधा लेक्चरर होतो आणि त्या हाकेतला खवचटपणा मला कळायचा.

एकदा प्राचार्यांनी मला संगीताच्या मुलांपुढे आनंदाच्या मानसशास्त्रावर बोलायला लावलं. मी तयारी करून गेलो. फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक उभी, एक आडवी. एकीवर लिहिलं कुवत, दुसरीवर आव्हान. काम कुवतीपेक्षा फार अवघड असेल तर धास्ती, फार सोपं असेल तर कंटाळा, आणि दोन्ही बरोबरीनं वाढत गेली तर मधल्या पट्ट्यात माणूस कामात बुडतो, वेळ विसरतो, स्वतःला विसरतो. आणि ज्याला आपण सुख म्हणतो ते बहुतेक वेळा अशाच बुडण्यानंतर उरलेलं असतं. मुलांनी आकृती वहीत उतरवून घेतली. सर मागच्या सतरंजीवर बसले होते.

"म्हंजे उसाचं पाणी," ते म्हणाले. "कमी पडलं तर वाळतो, जास्ती झालं तर पिवळा पडतो. हे शिकायला पुण्याला कावून गेलता?"

मुलं हसली. मी म्हणालो, "सर, तुम्ही ऊस लावलाय कधी?"

"न्हाई."

"मग तुम्हाला कोण म्हणालं?"

"ऐकलंय," सर म्हणाले, आणि मुलं आणखी हसली. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

त्यांची शिकवण्याची रीत मात्र माझ्या आकृतीतूनच चोरल्यासारखी होती, किंवा माझी आकृती त्यांच्याकडून. गाताना ज्याचा गळा आवळायचा त्याच्या हातात ते काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला द्यायचे आणि पलटे म्हणायला लावायचे. सगळं लक्ष पेल्याकडे गेलं की गळा आपोआप सुटतो, असं त्यांचं म्हणणं. हा प्रयोग दुष्काळात उत्तम चालायचा. पाणी सांडणं हा गुन्हा आहे हे मुलं घरून शिकून आलेली असत. चांगला पाऊस झालेल्या वर्षी मुलं बेफिकीर व्हायची, सतरंजी भिजायची आणि गळे जिथल्या तिथं राहायचे. पण सर दर वेळी बरोबर असत, असं समजू नये. एका हुशार मुलाला ते अवघडाहून अवघड ताना देत गेले. काही महिन्यांनी तो यायचाच बंद झाला आणि एका पतसंस्थेत चिकटला. सर पुष्कळ दिवस हळहळत होते. त्या मुलाला मात्र पतसंस्थेत लागलं असावं. पुढे तो तिथलाच चेअरमन झाला.

वंदना नेकनूरकडून एसटीनं यायची. तिचे वडील जयंतीच्या महिन्यात गायन पार्टी घेऊन गावोगाव फिरायचे. माईक, गर्दी, धूळ, मधेच गेलेली लाईट या सगळ्यातून आवाज पुढे कसा न्यायचा हे तिनं लहानपणीच बघितलं होतं. वर्गात, एकटीच असताना, ती गायची तेव्हा शिपाईसुद्धा झाडू थांबवून उभा राहायचा. पण समोर तोंडं दिसली की संपलं. युवक महोत्सवात दुसऱ्याच आवर्तनात ती थांबली आणि परीक्षकांना "सॉरी सर" म्हणून खाली आली. तिला कारण विचारलं तर म्हणाली, "मला माझाच आवाज ऐकू यायला लागतो, सर. मंग मी त्याच्याकडं बघत बसते."

सरांनी ते ऐकलं आणि पेटी मिटली. त्या दिवशी कँटीनमध्ये चहा पिताना त्यांनी मला स्वतःची गोष्ट सांगितली.

तरुणपणी परळीला एका मोठ्या कार्यक्रमात ते गायला बसले होते. गाणं रंगत गेलं. कधी नव्हे तो सूर असा लागला की आपण गातोय की कुणी गाऊन घेतंय, ते समजेना. "आन् तेवढ्यात मनात आलं, आता लागलं बरं का. बस. एवढंच आलं मनात. चोर घरात शिरल्यावर कुत्रं उठतं तसं मी उठून बसलो आन् ते गेलं. तवापास्नं मी पहारेकरी झालोय, प्रोफेसर. गातो तवा गाणाऱ्यावर पहारा, वाजवतो तवा ऐकणाऱ्यांवर. कोण जांभई देतंय, कोण उठायलंय, सगळं दिसतं मला. घड्याळ झाकलं तरी काटा दिसतो."

"पुन्हा कधीच नाही?"

"न्हाई," सर म्हणाले. बोअर कोरडं गेल्यावर माणूस म्हणतो, त्याच आवाजात.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा नव्हे, त्यानंतरचा. आमच्याकडे दुष्काळांना नावं कमी पडतात. उभा ऊस जनावरांपुढे टाकावा लागला आणि कारखान्याची चिमणी त्या वर्षी धुराशिवाय उभी राहिली. संगीताच्या खोलीत चारा छावणीचं ऑफिस आलं. सरांनी तक्रार केली नाही. कारखान्याचं साखरेचं गोदाम रिकामं पडलं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. तिथं आवाज घुमायचा म्हणून भिंतींना बारदान टांगलं, घड्याळ नेलं, त्यावर पंचा टाकला. मळीचा आंबूस वास, पायाखाली साखरेचे चिकट दाणे, मुंग्या, आणि मधोमध तंबोरा. साहेबांचं ते भाषण शब्दशः खरं झालेलं मी तिथं पाहिलं.

संस्थेकडे पैसा उरला नव्हता. कुठला विभाग आधी बंद करायचा हे सांगायला कुणाची गरज नव्हती. अशात साहेबांनी कॉलेजच्या मैदानात बोअर घ्यायचं ठरवलं. आजूबाजूच्या वस्त्यांनाही पाणी मिळेल, असा विचार होता आणि तो चांगलाच होता. पण साहेबांचा कुठलाही चांगला विचार मांडवाशिवाय बाहेर पडत नसे. मांडव पडला, माईक आला, फोटोग्राफर आला. तळहातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यानं जागा दाखवली. पाणी लागताच साहेबांनी नारळ फोडायचा आणि संगीत विभागानं स्वागतगीत म्हणायचं, असं ठरलं.

प्राचार्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, साहेबांचं मन राखा. कार्यक्रम चांगला झाला तर विभागाचं मी बघतो."

"पाणी न्हाई लागलं तर?"

"असं अभद्र बोलू नका."

बोअरची गाडी सकाळी सुरू झाली. ज्यानं तो आवाज ऐकला नाही त्याला सांगून समजणार नाही. जमिनीतून तो आधी पायांत येतो आणि मग दातांत. भाषणं त्यातच बुडाली, हा त्यातला फायदा. पांढऱ्या दगडाची भुकटी उडत राहिली. दुपार झाली. पाहुणे एकेक करून जेवायला म्हणून गेले. साहेब धुळीला कंटाळून मैदानाच्या कडेला जीपमध्ये जाऊन बसले. उरलेले सगळे लोक बोअरभोवती कोंडाळं करून खाली बघत होते. मांडवात आम्हीच राहिलो. सर पेटीवर, एक मुलगा तबल्यावर, वंदना तंबोरा घेऊन, आणि मी हारांची टोपली सांभाळत सरांच्या मागं उभा. माझी नेमणूक हार समितीवर होती.

प्राचार्य येऊन म्हणाले, "काहीतरी चालू ठेवा. मांडव मोकळा मोकळा वाटायलाय."

"वंदे, सारंग घे," सर म्हणाले. "तराणा. कुणी बघत न्हाई, कुणाला ऐकूही येत न्हाई. तुझं तुलाबी येणार न्हाई."

तिनं सुरुवात केली. गाडीच्या आवाजात मला पहिल्यांदा नुसतं तिचं हलणारं तोंड दिसत होतं. गाडीचा नवा पाईप जोडायला आवाज थांबायचा तेव्हा तेवढा तुकडा ऐकू यायचा, पुन्हा गाडी सुरू. दोन-चार वेळा असं झालं. मग लक्षात आलं की ती आता गाडी थांबायची वाट बघत नाही. तिचं आपलं चाललंय. तबलेवाल्या मुलाच्या कपाळावरून घाम भुकटीत मिसळून ओघळत होता, तो पुसत नव्हता. आणि सर, ज्यांना प्रत्येक जांभई दिसायची, ते समोर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते; त्यांच्याकडे बघून मला वाटलं की त्यांना खुर्च्याही दिसत नाहीत.

मग गाडी कायमची थांबली. गाडीच्या मालकानं हात हलवून खूण केली, खाली काही नाही. त्या शांततेत वंदनाचा आवाज मैदानभर पसरला. लय वाढत चालली होती. बोअरभोवतीची माणसं मागं वळून बघायला लागली. तिला ती दिसली नाहीत.

जीपमध्ये साहेबांना गाडी थांबल्याचं ऐकू आलं असणार. त्यांचा ड्रायव्हर पळत मांडवात आला. बोअरपेक्षा आम्ही त्याला जवळ होतो. तो सरांच्या शेजारी वाकला.

"सर, लागलं का?"

सरांचा हात पेटीवर चालू होता. मान वळली नाही. "लागलं," ते म्हणाले.

ड्रायव्हर गेला तसा पळत परत. पुढचं सगळं फार पटापट झालं. साहेब नारळ घेऊन आले, फोटोग्राफर त्यांच्या पुढं उलटा पळत आला. कुणीतरी माईकवर "पाणी लागलं" म्हणून ओरडलं. फटाक्यांची माळ लागली. कोंडाळ्यात उभे होते त्यांनाही वाटलं की आपल्याला दिसलं नाही पण लागलं असेल. साहेब आले म्हणजे लागलंच असणार. साहेबांनी पाईपावर नारळ फोडला. गाडीचा मालक तामिळनाडूकडचा. तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणत होता, "पानी नई, साब. पाउडर है. पाउडर." आणि तेवढ्यात वस्तीवरून बाया घागरी, कळश्या, डबे घेऊन मैदानात शिरल्या.

त्या बायांची तोंडं मी विसरलो नाही. हसण्यासारखं तिथपर्यंतच होतं. एक म्हातारी साहेबांच्या पुढं रिकामी कळशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मंग कावून बोलवलं?" साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांचा रंग तोवर जमिनीचा झाला होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी वस्तीवर टँकर पाठवला, हे इथं सांगायला हवं.

पण तालुक्यात गोष्ट पसरली. साहेब कुठंही गेले की मागून कुणीतरी बारीक आवाजात विचारायचं, "लागलं का बे?" निवडणूक जवळ होती. विरोधी पॅनेलला त्या साली दुसऱ्या मुद्द्याची गरज उरली नाही.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. साहेब, प्राचार्य, ड्रायव्हर, सर आणि मी. साहेब ओरडतील असं वाटलं होतं, ते थकल्यासारखे बोलले.

"सर, मला भांडायचं न्हाई. तुमी म्हणालात, ह्यानं मला सांगितलं. चूक माणसाच्या हातून होती. तुमी एवढंच म्हणा की तोंडातून चुकून गेलं. बोर्डाच्या बैठकीत मी तेवढंच सांगतो आन् विषय संपवतो. विभाग चालू राहील."

"मी म्हणालोच न्हाई," सर म्हणाले.

"म्हणालात की, सर!" ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "मी कशाला खोटं बोलू? माझ्या नोकरीवर आलंय."

"तू आलताच कवा माझ्याकडं? आन् आलास तरी गाडीच्या त्या आवाजात तुला काय ऐकू येणार?"

केबिनमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गाडी तर तेव्हा बंद झाली होती. लहान पोरानंही यापेक्षा बरी थाप मारली असती. साहेब माझ्याकडे वळले. "तुमी जवळ होता. तुमी ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हणालो. "सर 'लागलं' म्हणाले. वंदनाच्या गाण्याबद्दल म्हणाले असतील. त्यांची तशी सवय आहे."

मला वाटलं होतं, मी त्यांना वाट काढून दिली. सर माझ्याकडे वळले.

"तुमी बी, प्रोफेसर?" ते म्हणाले.

"सर, म्हणून टाका ना," प्राचार्य अजीजीनं म्हणाले. "एक शब्द आहे."

"जो बोललोच न्हाई त्याची माफी मागायची म्हंजे तो बोलल्यासारखंच झालं की. पोरांना मी काय शिकवलं? खोटा सूर लावायचा न्हाई."

साहेबांनी आणखी दोनदा समजावलं. मग त्यांनी हात जोडले आणि उठले. संगीत विभाग तूर्त स्थगित झाला. आमच्याकडच्या संस्थांमध्ये तूर्त हा शब्द फार टिकाऊ असतो.

सरांनी गोदामातून फक्त घड्याळावरचा पंचा नेला. खालचं घड्याळ बंद पडलेलं होतं, कधीपासून ते कुणालाच माहीत नव्हतं. सर धर्मापुरीला गेले. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. त्यांच्या मते मी नोकरी वाचवायला साहेबांच्या बाजूनं खोटं बोललो होतो. माझ्या मते एक ताठ माणूस एका शब्दापायी सगळ्या विभागाला घेऊन बुडाला होता, वर खोटंही धड बोलता आलं नव्हतं. दोघांचंही मत पक्कं होतं आणि ते पुष्कळ वर्षं पक्कंच राहिलं.

वंदनाची भीती त्या दुपारी कायमची गेली, असं लिहिलं तर छान दिसेल. तसं झालं नाही. त्यानंतरही ती कितीदा तरी स्टेजवर आवळली. पण बोअरच्या दिवसाबद्दल तिला विचारलं तर म्हणायची, "मला नीट आठवतच नाही. फटाके वाजले तेव्हा दचकले, एवढंच." एकदा झालंय म्हणजे पुन्हा होऊ शकतं, एवढ्या आधारावर ती गात राहिली. आता ती बीडमध्ये एका कॉलेजात संगीत शिकवते.

मी निवृत्त होऊन बीडबाहेर पालीच्या रस्त्याला घर बांधलं. परवाच्या हिवाळ्यात वंदना घरी आली आणि म्हणाली, "सर, आमच्या मुलांपुढं बोला. गाणारी आहेत, नाटकवाली आहेत, नाचणारी आहेत. सगळी मोबाईलवर स्वतःला बघत बसतात. सुखाबद्दल काहीतरी सांगा."

मी तीच आकृती काढली. उभी रेघ, आडवी रेघ. मधल्या पट्ट्याबद्दल सांगितलं. माणूस कामात असा बुडतो तेव्हा लक्षाचा सगळा साठा कामातच खर्च होतो. स्वतःवर नजर ठेवायला काही शिल्लक राहत नाही, म्हणून भूक कळत नाही, वेळ कळत नाही, आजूबाजूचा आवाज कळत नाही. नाटकातल्या एका मुलानं हात वर केला.

"सर, तेव्हा मधेच कुणी काही विचारलं तर?"

"उत्तर देतो की. तोंड सवयीनं उत्तर देतं."

"मंग नंतर त्याला आठवतं का, आपण काय बोललो ते?"

"पुष्कळदा नाही," मी म्हणालो. "आपण बोललो हेही आठवत नाही. कुणी सांगितलं तर तो म्हणेल, मी बोललोच..."

खडू हातात तसाच राहिला. मुलं वाट बघत होती. मला चक्कर आली असं समजून वंदना पाणी घेऊन आली. अख्खी नोकरी मी मानसशास्त्र शिकवलं, हा मुद्दा आहेच. तो कुणी काढायच्या आत मीच काढलेला बरा.

दुसऱ्या दिवशी परळीला गाडी बदलून मी धर्मापुरीला गेलो. जुन्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर घर विचारलं. सर ओसरीत बसले होते, फार वाळले होते. हातात अडकित्ता, समोर सुपारी. आतल्या भिंतीवर पंचा टाकलेला दिसला, त्याच्याखाली घड्याळ असणार. त्यांनी मला ओळखलं आणि सुपारी कातरणं थांबवलं नाही.

"बसा, प्रोफेसर."

मी बसलो. प्रकृती, पाऊस, गुडघे हे विषय संपले. मग मी म्हणालो, "सर, त्या दिवशी तुम्ही 'लागलं' म्हणाला होतात."

"एवढ्या लांबून तेच सांगायला आलात?"

"आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत, हेही सांगायला आलो."

अडकित्ता हळू झाला.

"सर, वंदना गात होती. बोअरची गाडी चालू होती की बंद?"

"चालूच होती की. कानठळ्या बसायलत्या."

"गाडी बंद झाली होती. सगळं मैदान गप्प होतं. माणसं वळून तुमच्याकडे बघत होती. ड्रायव्हर तुमच्या कानाशी वाकला. त्याचा शर्ट तुमच्या खांद्याला लागला. त्यानं विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत. तुमचा हात थांबला नाही."

"कोण? मी?" सर म्हणाले. "अं? काय म्हणालात?"

हे उत्तर मी कितीदा तरी ऐकलं होतं, त्यांच्या चांगल्या मुलांच्या तोंडून. त्यांनीही ते ओळखलं असावं. अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला.

"गाडी बंद होती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बंद होती."

"किती वेळ?"

"बराच."

ते अंगणाकडे बघत राहिले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, मीही विचारला नाही. तो विचारला की काय होतं हे त्यांनीच मला कँटीनमध्ये सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी सरांचं तोंड बघितलं, मग हातातला अडकित्ता.

"अगं बाई, कावून डोळ्यात पाणी? लागलं का काय कुठं?"

सरांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"लागलतं म्हणं," ते म्हणाले. "तवा."